दुसऱ्याचा वारा

वारा आमचा नव्हता.
म्हणजे अंगावर यायचा तो आमचाच,
पुंता अरेनासच्या वळणावळणांवर
धरायला दोर बांधलेत, तो वारा.
पण पडद्यावरचा आकडा यायचा
दूरच्या एका कंपनीकडून,
महिन्याच्या भाड्याने,
दर दहा मिनिटांनी एक.

त्या आकड्यावर ठरायचं
सामुद्रधुनीपलीकडच्या पोर्वेनीरला बोट सुटणार की नाही.
पोर्वेनीर म्हणजे येणारा काळ.
तिकीटखिडकीतला ओस्वाल्दो म्हणायचा,
येणारा काळ आज वाऱ्यामुळे बंद आहे.
हसायचं कुणीच नाही.

मी नवा होतो, घाईत होतो.
जिथे वारा लागला तिथे सरळ हात पसरला,
वेळापत्रकात, कप्तानाच्या संदेशात, हिशेबात,
आणि कंपनीने वाऱ्याला दिलेलं ते बोजड नाव
माझ्या ओळीओळीत अडकून बसलं
लोकरीत कुसळं अडकावीत तसं.

नेवेंकाने सगळं वाचलं.
मातेचा कढत घोट घेतला, चष्मा कपाळावर सरकवला.
"ही माणसं उद्या गेली
तर आपल्याला किती ठिकाणी सुतक?"

मी मोजलं. एक्केचाळीस.

"घराला एक दार पुरतं," ती म्हणाली,
आणि माझा शनिवार गेला. रविवारही.

एक फोल्डर केलं, नाव ठेवलं जकातनाका.
परका वारा इथेच उतरेल,
इथेच त्याची झडती,
इथेच त्याची भाषा सोडवून
तो आपली बोली नेसेल.
आत वेळापत्रकाला कळताच कामा नये
की हा कुठल्या गावचा.

किल्ली कोडात लिहायची नाही.
नेवेंकाच्या आजोबांनी क्रोएशिया सोडताना
घराची किल्ली सोबत आणली होती,
दार तिकडेच राहिलं.
किल्ल्यांच्या बाबतीत ती फार कडक.

मग चाचण्यांसाठी खोटा वारा केला,
मागू तेवढा वाहणारा:
शून्याचा, दोनशेचा, उणे चारचा,
आणि एक मुका,
हाक मारली तरी ओ न देणारा.
त्या मुक्यानेच जास्त शिकवलं,
किती वेळ थांबायचं,
कितीदा पुन्हा हाक मारायची,
आणि कधी कबूल करायचं
की आता शिळाच वाढावा लागेल,
ताटाच्या कडेला वेळ लिहून.

मार्चमधल्या एका रात्री
कंपनीने न सांगता नॉट सोडले, मीटर धरले.
सदतीसचे झाले एकोणीस.
बाहेर वारा तोच, पत्रे तसेच वाजत होते.
नाक्याने एकक पाहिलं,
ओळखीचं नव्हतं, अडवलं.
पडद्यावर उमटलं:
सदतीस, पहाटे तीन पन्नासचा.

ओस्वाल्दोने वाचलं, काचेबाहेर पाहिलं,
पाटी उलटी केली.

सकाळी मी एक ओळ बदलली. एकच.
छाती थोडी फुगली होती, खोटं कशाला सांगू.
दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायचं
तर गाळणं तरी आपलं असावं,
असलं काहीतरी बोललोही बहुतेक.

नऊच्या सुमारास कोकरांच्या ट्रकचा ड्रायव्हर आत आला.
दार त्याच्या हातून निसटून भिंतीवर आपटलं.
सहाला काढलेलं तिकीट त्याने पुढे केलं.
पाठीमागे, तळाला, बारीक अक्षरांत:
वारा १९ नॉट. प्रवास सुखाचा होवो.

"हा वारा कुठे मिळतो?" त्याने विचारलं.
"मला दोन पोती हवा होता."

नेवेंकाने तिकीट उजेडात धरलं.
माझ्याकडे पाहिलं.
"बेचाळीस," ती म्हणाली.