नावाचा रकाना

महापालिकेत, जन्म-मृत्यूच्या खिडकीमागं
माझी एकोणीस वर्षं गेली.
नावं हाताखालून जातात
निवडायला घेतलेल्या शेंगांसारखी.
विहान, अन्वी, शिवांश, परत अन्वी.
एक पावसाळा असा गेला की
स्वराशिवाय दुसरं काही टाईपच केलं नाही.

आणि आता आमच्याच घरची पोरगी,
अकरा दिवसांची, दुपट्यात गच्च,
आणि अभिनंदन माझ्यापुढं पसरतो
पावाची एक खाकी पिशवी.

ब्रेशाहून आणलेली. शिरोलीच्या फौंड्रीत
नवं मशीन येणार म्हणून
कंपनीनं तीन महिने धाडलं होतं त्याला.
तिथली घरमालकीण, ओर्नेल्ला, सत्तरीची बाई,
तिनं निघताना अकरा नावं लिहून दिली,
निळ्या शाईत, जुन्या मोडीसारखी,
हात न उचलता.

'वाच आक्का. नाव आत्यानंच ठेवायचं.'

मी वाचत गेलो.
(आम्ही बायका इथं असंच बोलतो, आलो, गेलो, जेवलो.
पुण्याची पाहुणी हसते. हसू दे.)
जिनेव्रा. आई म्हणाली, जिन्याचं नाव ठेवत्यात व्हय कुठं?
अलेग्रा. 'सर्दीची गोळी आहे ती,' पद्मजा आतल्या खोलीतून.
गाया. म्हंजे गाय? न्हाई, पृथ्वी.
मग धरित्री म्हण की सरळ.
बेआत्रीचे म्हणताना हौसाकाकीची
तिसऱ्या खेपेला कवळी निसटली.
फियाम्मा म्हणजे ज्वाळा.
ते त्यानं स्वतःच खोडलं,
दिवसभर भट्टीपुढं उभा राहणारा माणूस.

मग लूचे.
सगळेच हसलो. लुच्ची!
शाळेत पोरं सोडतील होय तिला?
'उजेड,' तो म्हणाला. 'लूचे म्हंजे उजेड.'
आणि पिशवीची घडी घालायला लागला.

कशाला रे हा हट्ट, मी विचारलं.

'तिथं माझं नाव कुणाच्या तोंडात बसायचं नाही, आक्का.
चौथ्या तीर्थंकरांचं नाव, अ-भि-नं-दन,
चार पायऱ्या, सगळे दुसरीवर घसरायचे.
शेवटी आबी. तीन महिने मी नुसता आबी.
एकटी ती म्हातारी
हाडं न घातलेलं सूप माझ्यापुढं ठेवताना
अख्खं नाव घ्यायची. चुकायची,
परत पहिल्या पायरीपासून.
तिच्याकडचं एखादं नाव
आपल्याबी तोंडात बसावं, एवढंच.'

मी मंगळवारी झालो म्हणून मंगल.
कुणी काही पसरलं नव्हतं माझ्यापुढं.

संध्याकाळी पद्मजासाठी धारोष्ण दूध आणायला
गंगावेशीत गेलो.
रेडकू आचळाला भिडलं होतं, शेपटी ताठ,
गवळ्यानं दाव्याला हिसका दिला तसं
माझ्याच तोंडातून गेलं,
'लुचू दे की रे जरा.'

आणि मी तिथंच थांबलो,
किटली हातात,
मागच्याचा धक्का लागेपर्यंत.

घरी आलो तर पद्मजा भिंतीकडं वळलेली,
आणि पोरगी डोळे मिटून,
कपाळाला आठ्या घालून,
जगातलं एकच काम असल्यासारखी
लुचत होती.

बारशाला कानात कुर्र केलं तेव्हा
मी काय म्हणालो ते पाळण्यापलीकडं गेलं नाही.
बायका घुगऱ्या घेऊन विचारत राहिल्या.
आई म्हणाली, ठेवलंय कायतरी मंगलनं.

आज तिचा अर्ज माझ्याच टेबलावर आहे.
नाव मागाहून भरलं तरी चालतं,
रोज दहा जणांना मीच सांगतो.
बोटं 'ल' पर्यंत गेलीत.
उकार पहिला की दुसरा?
ब्रेशाचा दीर्घ आहे, गंगावेशीचा ऱ्हस्व.

खिडकीशी रांग वाढत चाललीय.
'ओ मॅडम,' कुणीतरी काचेवर टकटकतं,
'आमचं लिवा की. अन्वी.'