गाठ माझी नव्हे

सोहार बंदरात मी रिगर.
म्हणजे चाळीस टनांचा ट्रान्सफॉर्मर हवेत लटकत असतो
तेव्हा खाली उभा राहून क्रेनवाल्याशी हातांनी बोलतो, तो.
प्रत्येक हुकावर पिवळ्या रंगात आकडा असतो,
केवढं पेलेल त्याचा.
त्यावर वहाण लटकवायची टाप नाही कुणाची.
एकदा एक फोरमन म्हणाला, "चालतंय रे,"
संध्याकाळी त्याचा गेटपास काढून घेतला.

घरी निघायच्या आदल्या रात्री
खोका स्टोअरमधल्या काट्याला टांगून पाहिला.
एकोणतीस किलो आठशे. दोनशे ग्रॅम सोडून दिले,
विमानवाल्यांच्या काट्याला भूक जरा जास्त असते.
आत दुधाची पावडर, मस्कतचा हलवा, लोबान,
वाघाचं चित्र असलेलं ब्लँकेट, आणि ब्लँकेटात गुंडाळून
भावाच्या होडीसाठी मासे दाखवणारं यंत्र.
नऊ महिन्यांचा ओव्हरटाइम.
मग दोरी.
हर्णैच्या चोगल्यांना दोरी शिकवावी लागत नाही,
तरी बाबांनी शिकवली होती: वळसा, उलटा वळसा,
शेपूट आत.
ओढ बसली की आवळते,
सोडायची तर एका बोटाने सुटते.

मस्कतला खोका पट्ट्यावरून गेला,
रबरी झावळ्या हलल्या, दिसेनासा झाला.
पासवर सीटच्या जागी नुसती रेघ.
गेटवर मिळेल, म्हणाले.
गेटवर शेरिन नावाची मुलगी.
तिने स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे.
"भैया, फ्लाइट फुल."
म्हटलं, माझं तिकीट फेब्रुवारीत काढलेलं आहे.
"हां. लेकिन फुल."

एकशे ऐंशी खुर्च्या, एकशे एक्क्याण्णव तिकिटं.
उरलो अकरा.
अकरांतल्या नऊ जणांच्या पायांत सेफ्टी बूट.
यादी सिस्टिम काढते, ती म्हणाली.
सिस्टिमला बूट दिसतात का, ते विचारलं नाही.
तिच्या गळ्यातल्या पट्टीवरही तिसऱ्याच कंपनीचं नाव होतं.

बिनबुटांच्या दोघांत एक यल्लय्या,
निजामाबादचा, इब्रीला शिंपी.
परवा आईचा दहावा.
तो भांडला नाही. बोटांची पेरं मोजत बसला,
परत परत,
जसं एखादं पेर कुठेतरी जास्तीचं निघेल.

काचेतून विमान मागे सरकताना दिसलं.
त्याच्या पोटात माझा खोका.
एका खुर्चीची दोन बिलं फाडली,
ओझं मात्र इमानाने उचलून नेलं.
आम्हाला एक सँडविच, एक ज्यूस,
आणि गैरसोयीबद्दल दिलगीर असल्याचा कागद.
त्याची घडी करून डोळ्यांवर ठेवली.
तिथले दिवे रात्रभर विझत नाहीत.

तिसऱ्या दिवशी पहाटे नाव पुकारलं.
धावलो.
सीट नव्हे, खोका.
मुंबईच्या पट्ट्यावर एकटाच गोल गोल फिरला,
कुणी उचलला नाही, म्हणून परतीच्या विमानाने धाडून दिला.
वर लाल चिठ्ठी: बेवारस.
माझ्याआधी मुलूख बघून आला, लेकाचा.

एक कोपरा चेपलेला, भोकातून वाघाचा कान.
उचलला.
सत्तावीस. फार तर सव्वासत्तावीस.
हे हात एवढ्याचाच पगार घेतात.

"मिळाला म्हणून सही करा."
मी दोरी बघत होतो.
गाठ माझी नव्हे.
पण वाईटही नव्हती. वळसा नीट, शेपूट आत,
घाईत बांधलेली नव्हे.
कुणीतरी जाणत्या हातांचा,
फरशीवर एक गुडघा टेकून,
बूट मागे दुमडून बसला असणार.

एका बोटाने ओढली.
सुटली नाही.
शेरिन म्हणाली, "भैया, पेन."