मोजून घे

निघायच्या आदल्या रात्री तो फोनवर एवढंच म्हणाला,
"स्कूटर सर्व्हिसिंगला टाक या आठवड्यात."
आमच्याकडे स्कूटर नाही.
मी बरं म्हटलं, आणि सकाळपासून
त्याला पाठवलेल्या प्रत्येक ओळीखाली एकच करडी टिक.

तात्यांना सांगावं लागलं नाही.
तेहतीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये, मोजणीत.
रोज गेटवर खिसे उलटे करून बाहेर पडायचं
आणि जेल रोडच्या या घरात शिरताना
आतलं आतच ठेवून यायचं.
सासूबाई गेल्या, तरी त्यांना कळलं नव्हतं
नवरा दहाच्या मोजतो की शंभराच्या.
म्हणून मी जहाजाचं काही विचारलं की ते चष्मा पुसतात.
"माहीत नसलेलं तोंडातून निसटत नाही, शलाका."

गांगुर्डेकाकू मात्र जिन्यात गाठतात.
सध्या कुठे असतो गं?
पाण्यात, म्हणते मी.
त्यांना वाटतं मी तुटक झालेय.

शाळेत सावीला नकाशा आला:
बाबा जिथे काम करतात तिथे ठिपका द्या.
तिनं दिला नाही. निळा खडू आडवा धरून
सगळा समुद्र रंगवला,
अंदमानच्या पुढे, कागद संपेपर्यंत,
थोडा टेबलावरही.
बाईंनी लाल शाईत लिहिलं: नेमकेपणा हवा.

जुलैअखेर गंगापूरमधून पाणी सोडलं
तेव्हा तात्या तिला पूर दाखवायला घेऊन गेले.
आमच्या गावात पाणी मारुतीवर मोजतात:
दुतोंड्याचे गुडघे, कंबर, छाती.
"बाबांच्या बोटीखाली किती मारुती?"
मोजणीतल्या माणसानं
पहिल्यांदाच आकडा दिला नाही.
परतताना ती म्हणाली, ही नदी तिकडेच जाते ना,
विशाखापट्टणमच्या बाजूला? हिच्यात चिठ्ठी टाकू.
"जायकवाडीला अडेल," तात्या म्हणाले,
आणि पुलावरची दोन अनोळखी माणसं हसली.

एकशेचौथ्या दिवशी, पहाटे तीन दहाला, परका नंबर.
चार मिनिटं. खरखर, आणि
स्वतःचाच आवाज उशिरा परत येणं.
मी त्याला पाण्याच्या मोटरचं सांगितलं.
कॅपॅसिटर गेला होता, मीच बदलला,
साडेतीनशे लागले.
हे का सांगितलं, अजून कळत नाही.
तात्यांनी फोन घेतला. "जेवलास?"
पलीकडून काहीतरी. "बरं."
मग नुसती खरखर.
सावीला उठवलं नाही म्हणून
तिनं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

त्या दिवसापासून लिहू लागले.
तात्या रोज दिनदर्शिकेचं कालचं पान फाडतात,
चुरगळत नाहीत, बिस्किटाच्या डब्यात ठेवतात.
मी रात्री डबा उघडून कोऱ्या बाजूला:
सावीला ताप, एकशे दोन. उतरला.
तुझा करडा शर्ट घालून झोपले, धुतलेला नव्हता.
तात्या जिन्यात बसले, दम लागला,
त्याला कळवू नकोस म्हणाले.
निफाडला पारा नऊवर. तुमच्या इंजिनरूममध्ये किती?
त्यांनी वाचलं असणार. काही बोलले नाहीत.
जिन्याचं पानही डब्यातच राहू दिलं.

तो आला. नाशिकरोडला गाडी दोन तास लेट,
दाढी वाढलेली, अंगाला डिझेलचा वास,
सावी आधी माझ्या मागे लपली.
जेवण झाल्यावर तात्यांनी डबा आणला.
शंभराची एक गड्डी, कागदी पट्टी, वर बारीक सही.
सदतीस सुटी, रबरात.
"एकशे सदतीस. मोजून घे."

तो हसायला लागला, मग थांबला.
मांडी घातली. अंगठा जिभेला लावला.
मी ओट्याशी उभी, पाठ करून, ऐकत होते:
पान, पान, पान,
वर्षानुवर्षांच्या सवयीसारखी तीच लय,
बापाची, मुलाच्या बोटांत.
मग एका पानावर ती थांबली.
बराच वेळ थांबली.

"चुकलं," तात्या म्हणाले. "पहिल्यापासून मोज."