तारेचा हिशेब

तिसरीत शाळा सुटली माझी,
पण तार मला कळते.
नेलिदानं काल रात्री वही पुढं सरकवली:
"बाबा, यातले बहुभुज कुठले? सांग ना."
बाहेर वारा. पॅटागोनियात वारा पडला
तरच माणसं विचारतात, काय झालं म्हणून.

पहिलीची एक बाजू कुणी काढलीच नव्हती.
म्हटलं, हे फाटक उघडं राहिलंय.
सकाळपर्यंत चारशे मेंढरं रस्त्यावर
आणि मालक एलादिओ मान्सियाच्या नावानं शंख करणार.
फुली मार.

पुढचीचं पोट सुटलेलं.
हे तर ओढ्याकडचं रान! म्हणतात, ओढाच हद्द.
ओढा दर वसंतात कूस बदलतो.
तार बदलत नाही. दोन खांबांमध्ये
तिला एकच वाट ठाऊक, जवळची.

मग एक, आठाच्या आकड्यासारखी,
रेघेवरून रेघ गेलेली, मधोमध गाठ.
हे मी केलंय. एकदा. प्यालेलो असताना.
मेंढरं आत की बाहेर, कुत्र्यालाही ठरवता येईना;
कुंपणानंच शेत खाल्लं त्या दिवशी.

शेवटची वेडीवाकडी,
कुणी कोपर मारल्यागत एक कोपरा आत दबलेला.
नेलिदा म्हणाली, ही तर नक्कीच नाही.
थांब. बोट ठेव. चालत जा.
सरळ, वळ, सरळ, पुन्हा वळ...
आलीस ना निघालीस तिथंच?
स्वतःची वाट कुठं ओलांडलीस का?
मग देखणं नसेल, पण वाडगं आहे.

हसली. पेन्सिल चावत राहिली.
"कमीत कमी किती खांब लागतात, बाबा?"

तीन, म्हणालो.
दोन खांबांत काही मावत नाही,
कोकरू नाही, गवताची काडी नाही.
दोघांमध्ये नुसती तार,
कितीही ताणा.

बोलून गेलो, आणि मग टेबल दिसलं:
ती या टोकाला, मी त्या टोकाला,
मधे निवत चाललेला येर्बाचा चहा.
तिची आई नातालेसला, मासळीच्या कारखान्यात,
पंधरा दिवसांतून एक रविवार.

नेलिदानं वहीत काही लिहिलं नाही.
उठली, भिंतीकडची तिसरी खुर्ची ओढत आणली,
टेबलाशी लावली,
आणि परत आपल्या जागी बसली.

नव्या खांबाला लगेच ताण द्यायचा नसतो,
माती आधी धरू द्यावी लागते.
मी गप्प राहिलो.
पाणी पुन्हा तापत ठेवलं.