ऑर्डर नसलेली म्हैस

मुलुंडची शीतलछाया पाडली तेव्हा
तिच्या खिडक्यांची ग्रिलं टेम्पोत भरून
भांडुपला, माझ्या गाळ्यासमोर आली, भंगाराच्या भावानं.
अठ्ठ्याण्णव साली मीच बसवली होती.
टाके ओळखले मी. जरा जाड,
घाईत मारलेले. तेव्हा लग्न ठरलं होतं माझं.

शलाका म्हणाली, वितळवायला देऊ नका.
एवढंच. त्या दिवसांत ती एवढंच बोलायची,
दारातून, कानातली बोंडं न काढता.
मग विजेच्या बिलामागं काढलेलं चित्र
माझ्या डब्याखाली ठेवून गेली:
म्हैस. अकरा फूट.

मी म्हटलं, आधी हाडं बघून ये.
रविवारी आरेच्या तबेल्यात गेली माझा टेप घेऊन.
परत आली ती बुटाला शेण, वहीत आकडे.
"पप्पा, कमरेचं हाड असं वर येतं,
हँगरला ओला शर्ट टांगल्यासारखं."
तीस वर्षं चौकोन जोडणाऱ्या माणसाला
हे कुणी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या केळुसकर बाईंची खिडकी
पाठीला गेली.
त्या कोरफडीची कुंडी ठेवायच्या तिथलं
गंजाचं वर्तुळ नेमकं खांद्यावर आलं.
घासू का, मी विचारलं.
हात लावू नका, म्हणाली.

येणारेजाणारे विचारायचे, कुणाची ऑर्डर?
रिक्षावाले, पतपेढीचा वसुलीवाला,
वॉर्डाचा मुकादम, त्यानं तर परवानगीच मागितली.
कुणाचीच नाही, म्हणताना मला लाज वाटायची.
शलाकाला नाही वाटायची.

मानेवरून भांडलो.
मी म्हणत होतो, तोंड खाली वाकवलंस तर तोल जाईल.
ती म्हणत होती, म्हैस समोर बघत नाही,
म्हैस ऐकते.
दोन दिवस गाळ्याकडं फिरकली नाही.
तिसऱ्या दिवशी मी एकट्यानंच मान कापली,
खाली वळवली,
मागच्या पायांत सिमेंट भरलं.
ती आली, बघितलं,
आणि काही न बोलता ग्राइंडर उचलला.

त्याच संध्याकाळी दोघांनीही
काळी काच न लावता ठिणगी बघितली,
एकमेकांना "बघू नकोस", "बघू नका" म्हणत.
रात्री डोळ्यांत वाळू.
कुंदानं शिव्या देत बटाट्याच्या चकत्या कापल्या
आणि आम्ही फरशीवर शेजारी शेजारी
आंधळे पडून राहिलो पंख्याखाली.
बऱ्याच वेळानं तिचा आवाज आला:
"पप्पा, माझे अकरावीचे दोन विषय गेलेत.
केव्हापासून सांगायचं होतं."

मी तोंड उघडलं.
आत माझ्या बापाचा आवाज तयारच होता,
पट्टा काढल्यासारखा.
तो गिळला, आणि सुचलं तेवढं म्हणालो:
"बटाटा हलवू नकोस."
ती हसली. चकती फरशीवर पडल्याचं
मला ऐकू आलं.

शेवटचं ग्रिल पोटाचं.
ती आत उकिडवी, सळ्या धरून. मी बाहेर.
तीन बाजूंना टाके झाले,
चौथ्या बाजूला होल्डर नेला
तेव्हा आतून म्हणाली, "पप्पा, दार?"

तीस वर्षं गिऱ्हाइकांना मीच सांगत आलो,
एक झडप ठेवा, आग विचारून येत नाही.
आणि पोरगी आत असताना
हात आपोआप पुढं निघाला होता.

पाणी प्यायलो. बाकड्यावर बसलो थोडा वेळ.
मग डब्यातल्या जुन्या बिजागऱ्या काढल्या,
दोन बाय दीडची झडप कापली.
ती रांगत बाहेर आली, केसांत गंज,
म्हैस भोवतीनं फिरून पाहिली, दोनदा.
कडी कुठून लावायची, मी विचारलं,
आतून की बाहेरून?

अजून ठरवलेलं नाही तिनं.
तोवर सुतळीनं बांधलंय.