दोन खाचा पुढे

शिकाऊ गाडीत क्लच दोन असतात.
एक तिच्या पायाखाली, एक माझ्या.
चढावर ती हे विसरते.
मी विसरत नाही.

बिस्त्रिकची ही गल्ली बघा:
मिल्याच्का नदीपासून निघते
ती सरळ अंगावर येते.
एका बाजूला पावाची व्हॅन, दुसऱ्या बाजूला
हाशीमच्या भिंतीत माझ्या विद्यार्थ्यांनी पाडलेला खड्डा.
त्याने बुजवलेला नाही. मुद्दाम. मला दिसावा म्हणून.

इथेच थांबवतो मी सगळ्यांना.
हँडब्रेक. पहिला गिअर. आता पाय हळू वर.
अजून. अजून. थांबा.
इथे. कळलं? गाडीने नाक किंचित उचललं,
आवाज दाटला,
मक्याची लापशी आटू लागली की डाव जड होतो, तसा.
याला पुस्तकात नाव आहे. मी सांगत नाही.
नाव पाठ झालं की पाय ऐकेनासा होतो.

धरसोड म्हणून लोक जिला नावं ठेवतात
तीच इथे सगळी विद्या:
दाबताना झटक्यात,
सोडताना उधारी फेडल्यासारखं, थोडं थोडं,
आणि शेवटचा हप्ता सर्वांत सावकाश.

एकतीस वर्षं हे सांगतोय.
एकतीस वर्षं माझा डावा पाय
माझ्या पेडलवर तरंगतोय,
दाबलेला नाही, काढलेला नाही.

अल्मासा कारिच, वय त्रेचाळीस, बूट जाड तळाचे.
म्हटलं, हे नकोत,
तळव्याला पेडलचं बोलणं ऐकू यायला हवं.
दुसऱ्या दिवशी पातळ कापडी बूट घालून आली,
भर बर्फात.
चार वेळा गाडी बंद पडली. हाशीम खिडकीत आला.
पाचव्यांदा मी माझा क्लच दाबला
आणि माझ्याच तोंडून बारीकसा आवाज निघाला.

"गुडघा?"
"थंडी आहे."
"थंडी दोन्ही गुडघ्यांना लागते."

इस्पितळात दिवसभर ती हेच करते,
लोकांना त्यांचे पाय परत शिकवते.
फॉर्मवर लिहिलं होतं. मी वाचलं नव्हतं.
हँडब्रेक ओढून, इंजिन बंद करून, गाडी गिअरमध्ये ठेवून उतरली
(मी मनात गुण दिले),
माझ्या बाजूचं दार उघडलं.
"दाबा. पूर्ण."
दाबलं. पाय काठीसारखा सरळ, टाच अधांतरी, चवडा ताणलेला.
"वाक कुठाय गुडघ्यात?"

नव्हता.
प्रत्येकाची सीट मी मोजून लावली,
पेडल तळाला, गुडघा जरासा वाकलेला,
मांडीखाली आधार, टाच जमिनीवर,
आणि स्वतःची कधी हलवली नाही.
ती आधीच्या मास्तरांनी लावलेली. ते उंच होते.

तिने खालची दांडी ओढली.
सीट कट्‌ कट्‌ करत दोन खाचा पुढे आली, तिच्याबरोबर मी.
पाठीमागे तिचा मफलर गुंडाळून ठेवला.
"आणि काम नसेल तेव्हा हा पाय बाजूला.
फळीवर. फळी त्यासाठीच असते."
हे वाक्य माझं आहे.

मग ती आपल्या जागी. चावी. क्लच. पहिला.
मी पाय फळीवर ठेवला.
सोपं नाही ते. रिकामा पाय
दार वाजल्यासारखं करून सारखा उठू बघतो.

मागे कोळशाचा पिकअप येऊन थांबला, हॉर्न न देता;
त्याचा ड्रायव्हर माझाच विद्यार्थी.
नाक उचललं. आवाज दाटला.
तिथे ती थांबली, जरा जास्तच,
जळकट वास आला,
आणि हँडब्रेक खाली.

हाशीमची भिंत हळूहळू मागे गेली.
खड्डा अजून एकच.

वर पोचल्यावर तिने विचारलं,
"तुम्ही दाबलात का?"
मला खाली वाकून बघावं लागलं.