शहाऐंशी

प्रश्न सोपा होता: पाणी किती अंशांना उकळतं?
पान एकतीसवर ठळक छापलेलं, शंभर.
सदतीस मुलांनी शंभर लिहिलं.
एल्सा चुकिमियाने लिहिलं शहाऐंशी,
आणि खाली, कुणी न विचारता,
"आमच्या चुलीवर. तीनदा."

मी काट मारली.
एल आल्तोच्या त्या शाळेत तेव्हा
खिडक्यांना काचा नव्हत्या,
लाल शाई मात्र मुबलक होती.

ती भांडली नाही.
सगळे गेल्यावर टेबलाशी आली,
शालीला धुराचा वास,
शाळेचा थर्मामीटर फडक्यात गुंडाळलेला.
"प्रोफे, खोटं कोण? हा, की पुस्तक?"
हा, मी म्हणालो.
इतक्या झटकन, की माझं मलाच ऐकू आलं.

त्या रात्री कपाटातला दुसरा थर्मामीटर
कोटाच्या अस्तरात दडवून घरी आणला.
पातेलं ठेवलं. बुडबुडे आले, झाकण नाचू लागलं,
पारा शहाऐंशीपर्यंत चढला
आणि अडून बसलेल्या गाढवासारखा
पुढे हलेना.
आच वाढवली. बुडबुडे वाढले. पारा नाही.

सकाळी तेओदोसियाने विचारलं,
रात्रभर कसलं पाणी उकळत होतास?
ऐकून घेतलं, मग बटाटे सोलता सोलता म्हणाली,
"खालच्या युंगासातून लग्न होऊन आले
तेव्हापासून सांगतेय,
इथे काही लवकर शिजत नाही."
चौदा वर्षं ती प्रयोग करत होती.
मी नुसता जेवत होतो.

पान एकतीस पुन्हा उघडलं.
अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत:
समुद्रसपाटीला.
अकरा वर्षं ते पान शिकवलं,
तळापर्यंत कधी उतरलो नव्हतो.
आणि समुद्र तर आमच्या देशाला नाहीच;
जुन्या नकाशांत आहे.

मार्क परत दिले. माफीही मागितली,
पण व्हरांड्यात, वर्गासमोर नाही.
ते अजून खुपतं.

पुढच्या वर्षी फळ्यावर लिहिलं: दिसेल तेच मांडा.
रामिरोने मांडलं एकोणसाठ.
"माझ्या डोळ्यांनी पाहिलंय," छाती पुढे काढून.
(नळी धड बुडवलीच नव्हती,
आणि त्याला भूक लागली होती.)
काट मारली नाही. म्हटलं, पुन्हा पाहा.
मग पुन्हा. मग शेजारणीला पाहू दे,
जिचं तुझ्याशी पटत नाही तिला.
संध्याकाळी तोही शहाऐंशीला पोचला,
चिडून, उपाशी,
आणि ते शहाऐंशी कुणाकडून उसनं घेतलेलं नव्हतं.

काल एक पाकीट आलं. शिक्का आरिकाचा.
एल्सा तिथे बंदरावर मासळी तपासते.

"प्रोफे, पुस्तक खोटं बोलत नव्हतं.
ते समुद्रकाठी राहत होतं, एवढंच.
पण माझं पाणी इथे
साडेनव्व्याण्णवला उकळलं. पाचदा.
खोली किनाऱ्यापासून तीन जिने वर आहे,
पण तेवढ्याने अर्धा अंश जात नाही.
नळी जुनी असेल, किंवा मी.
शोधतेय. तोवर
कुणाला शंभर सांगू नका माझ्या नावाने."

पत्र दोनदा वाचलं.
आतून तेओदोसिया विचारते, कुणाचं?
सांगतो म्हटलं, थांब.
ती म्हणते, सावकाश सांग,
बटाटे अजून कच्चेच आहेत.